डाव्या बाजूचा पाटा

१

मी गाडी नुसती रिकामी मोजून कधी देत नव्हतो.

पंचेचाळीस वर्षं जिपांचं काम केलं. विजापूर रोडला माझं पत्र्याचं शेड आहे. आत दोन खड्डे, बाहेर एक कडुलिंब. शिक्षण चौथी. पण कोणत्या जिपेचा कोणता पाटा कोणत्या चासीला बसतो, हे विचारायला शिकलेले इंजिनिअरसुद्धा माझ्याकडे येतात. पाटा म्हणजे चासीच्या, गाडीच्या सांगाड्याच्या, खालची स्प्रिंग, पोलादी पात्यांची जुडी; त्यातल्या एकेका पात्यालाही पाटाच म्हणतात. जुन्या छोट्या जिपेचा पाटा पावणेदोन इंच रुंद. नंतरच्या लांब गाड्यांचा त्याहून रुंद. एकाचा दुसऱ्याला बसत नाही म्हणतात. मी बसवतो. पाटा टांगायचा चासीवरचा हँगर बदलायचा, पाट्याच्या डोळ्यातलं बुश बदलायचं, मागच्या कडीची लांबी बघायची. ती लांबी चुकली की गाडी बुजलेल्या घोड्यासारखी उधळते.

काम झालं की माप घ्यायचं. दुसरे मिस्त्री मोकळी गाडी मोजतात आणि चावी देऊन टाकतात. मी सांगायचो, घरची सगळी माणसं घेऊन या. जो ज्या जागेवर बसतो त्याला तिथंच बसवायचं. जेवायला पाट मांडावेत तशी माणसं मांडायची. मग मी खाली झोपून चारही कोपऱ्यांना अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंतचं अंतर घ्यायचो. इंचात आणि सुतात. आठ सुतांचा एक इंच. माणसांसकट गाडी सरळ उभी राहिली तर काम झालं. नाही राहिली तर पाट्यांच्या जुडीत एक पाटा वाढवायचा किंवा कमी करायचा.

लोक हसायचे. हसू दे. माझ्या हातची गाडी तिरकी गेलेली कुणी दाखवलेली नाही.

ती रीत मी आता बंद केली आहे. का, ते लिहून ठेवतो. तोंडानं सांगणार नाही.

२

गेल्या उन्हाळ्यात माझा जावई युवराज त्याच्या वडलांची जुनी छोटी जीप घेऊन आला. गाव मंद्रूप. माझी एकुलती एक मुलगी दुर्गा तिथं दिली आहे. त्यांना एक मुलगी, पायल. सात वर्षांची.

जिपेची चासी मागून सडली होती. पेचकस टोचला की पोळीचा पापुद्रा निघावा तसं लोखंड निघत होतं.

"मामा, मोडीत काढू नका हिला," युवराज म्हणाला. "आमच्या आण्णांनी लई जीव लावलाय."

"मी काय खाटीक हाय का?" मी म्हणालो. "ठिव हितं. आठ दिसांनी ये."

बसलिंगप्पाच्या भंगाराच्या वाड्यात एक लांब जीप पडली होती. पडली होती म्हणजे तिची चासी दगडांवर उभी होती. वरची बॉडी नव्हती, इंजिन नव्हतं. सांगोल्याकडून ट्रकमधून आली, एवढंच तो म्हणाला. तिच्या मागच्या भागाला गंज नव्हता. मी मागचा आडवा दांडा कापून घेतला, हँगर घेतले, आणि मागचे दोन्ही पाटे घेतले. जुन्या मालात इतके चांगले पाटे मिळत नाहीत. पोलादाला नुसता हात लावला तरी कळतं.

वेल्डिंगला सिदू. वय पंचावन्न, वीस वर्षं माझ्याकडे आहे. हात चांगला, तोंड वाईट. जोडकाम झाल्यावर त्यानं काच वर केली आणि म्हणाला, "दुसऱ्याच्या मिशा लावून म्हातारं नवरदेव झालं की, मिस्त्री!"

आठव्या दिवशी मी सगळ्यांना बोलावलं. दुपारचे बारा. मे महिना. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मोकळी गाडी मी आधी बघून घेतली. मागं दोन्हीकडं साडेसहा इंच, सुताचाही फरक नाही.

मग माणसं बसवली. पुढं उजवीकडं युवराज, डावीकडं दुर्गा. मागं रुंद सीट. त्यावर उजवीकडं, बापाच्या पाठीमागं, पायल. तिच्या डाव्या बाजूची जागा मोकळी.

"हलायचं न्हाय," मी पायलला सांगितलं. "लोखंडावानी बस."

"आज्जा, लोखंडाला खाज येत न्हाय का?"

सिदू खिदळला. मी खाली शिरलो.

मागचा उजवा पाटा दोन सूत दबला होता. सात वर्षांच्या पोरीला तेवढं बरोबर आहे. मागचा डावा पाटा सहा सूत दबला होता.

मी मापाची पट्टी पुसली आणि पुन्हा लावली. सहा.

"डावीकडं कोन बसलंय?" मी खालून ओरडलो.

"कोन न्हाय की, मामा."

"सामान?"

"काय न्हाय. मोकळं हाय."

"सिदू, तू टेकलायस का गाडीला?"

"मी हितं लिंबाखाली हाय, मिस्त्री. बिडी वढतोय."

सहा सूत म्हणजे एक वाढलेलं माणूस.

३

पाटा मऊ असेल. एकाच गाडीचे दोन पाटे सारखे दबतात असं नाही. मी सगळ्यांना उतरवलं. ते लिंबाखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसले. मी आणि सिदूनं डावा पाटा उजवीकडं टाकला, उजवा डावीकडं. मऊ पाटा जिथं जाईल तिथं गाडी दबली पाहिजे.

पुन्हा माणसं बसवली. उजवीकडं दोन सूत. डावीकडं सहा.

चासी पिळली असेल. दोरा धरून दोन्ही कर्ण मोजले. सारखे. अ‍ॅक्सल वाकला असेल. नव्हता. सीटची पट्टी चासीला टेकत असेल. टेकत नव्हती. सीटचे बोल्ट काढून पुन्हा कसले.

मग मी खालीच पडून राहिलो आणि एकेकाला उतरायला सांगितलं. दुर्गा उतरली. मागं काही बदललं नाही. युवराज उतरला. काही बदललं नाही. गाडीत एकटी पायल राहिली. डावीकडं सहाच.

"पायल, उतर."

उजवा पाटा लगेच वर आला. तिचे दोन पाय मला चाकापलीकडं जमिनीवर दिसले, लाल चपला. ती चार पावलं चालून आईकडं गेली. मग डाव्या पाट्याचा आवाज झाला. पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा होतो तो, खाटेवरून माणूस सावकाश उठावं तसा. आणि डावा पाटा वर आला.

चार पावलं उशिरा.

मी सिदूला पायलच्या जागेवर बसवलं. उजवीकडं दबलं, डावीकडं काही नाही. युवराजला बसवलं. काही नाही.

सिदू खाली उतरून माझ्याजवळ आला आणि हळू बोलला. हळू बोलण्याची त्याला सवय नाही. "मिस्त्री, हे पाटे परत दिऊन टाकू."

"कशापायी?"

"मला बरं वाटना झालंय."

"तुला बरं वाटावं म्हनून गाडी बांदलीया का?"

मी विचार केला. पोलाद आहे, कुठंतरी पीळ असेल, तो मला सापडत नाही. सापडत नाही असं जावयासमोर म्हणायचं नव्हतं. माझी रीत साधी होती. ज्या माणसांची गाडी, त्या माणसांसकट ती सरळ उभी राहिली पाहिजे. मी डाव्या जुडीत एक पाटा वाढवला.

मग पुन्हा सगळे बसले. पट्टी लावली. डावी उजवी सारखी. गाडी टेबलासारखी सरळ.

"झालं," मी म्हणालो.

पायलनं टाळ्या वाजवल्या. ते गेले. गाडी रस्त्याला लागेपर्यंत सिदू बघत होता. मी हात धुतले.

४

दुर्गा मला फोन करत नाही. तिची आई होती तोवर आईला करायची. आता सणाला करते. तीन आठवड्यांनी भर दुपारी तिचा फोन आला.

"आप्पा, गाडी लई गुळगुळीत चालतीया."

"मग?"

"पायल बसली की झोपती."

"झोपू दे की. लेकरू हाय."

"तसं न्हाय. गाडी थांबली तरी उठत न्हाय. आदी एक हाक मारली की उठायची. आता दोन लागतात. काल बाजारातनं आलो तवा चार लागल्या."

"ऊन लई हाय."

"व्हय." ती म्हणाली. "आनि गाडी परत डावीकडं बसाय लागलीया. ह्यांनी पन बघितलं."

इथं मला राग आला. लेकीनं पोरीचं सांगितलं ते माझ्या कानावरून गेलं. गाडी बसली म्हणाली ते कानात शिरलं.

"माझा पाटा बसत न्हाय," मी म्हणालो. "रस्ता तिरका आसंल. डोळ्याला भास हुतो."

"आसंल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. तीन आठवड्यांत पाटा बसत नाही. बसला तर त्याच्यावर वजन वाढलेलं असतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बसलिंगप्पाकडे गेलो. तो चहा पीत होता.

"बर्री, मिस्त्री, बर्री! या, बसा. चा घ्या."

"चा नको. ती सांगोल्याची जीप कुनाची हुती?"

"ट्रकवाल्याला म्हाईत. तो परत फिरकला न्हाय. का हो? पाटे चांगले न्हाईत?"

"चांगले हायत."

"चांगलेच की! मी सवताच वरचा माल काढून ठिवला, म्हनून तुमाला नीट जुडी मिळाली."

"वरचा माल म्हंजे?"

तो हसला. "आदीचा मिस्त्री येडा हुता बगा. डाव्या जुडीत जादाचे पाटे घातलेले. नुस्तं डाव्याच. उजवीकडं येक पन न्हाय. आसं कोन करतंय? मी ते काढले."

"कुटं हायत?"

त्यानं कोपऱ्याकडं बोट केलं. पत्र्याखाली ते पडले होते. तीन.

मी उन्हात नेऊन बघितले. तिघांचा गंज वेगळा होता. एकाचा जुना, काळा. दुसऱ्याचा तांबूस. तिसरा जवळजवळ नवा, कापलेल्या कडेवर अजून चकाकी होती. म्हणजे तिन्ही एकदम घातले नव्हते. कुणीतरी माझ्यासारखा माणूस खाली झोपला, माप घेतलं, एक पाटा वाढवला, गाडी सरळ केली आणि चावी दिली. मग गाडी परत आली. त्यानं दुसरा घातला. मग तिसरा. काम साफ होतं. कडा कानशीनं घासलेल्या, टोकं गोल केलेली. चांगला मिस्त्री असणार.

तिसऱ्यानंतर गाडी त्याच्याकडं परत आली नाही.

त्या गाडीत मागं उजवीकडं कोण बसायचं, हे बसलिंगप्पाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी विचारलं नाही.

"येन आयतु, मिस्त्री?" तो म्हणाला. काय झालं, असं. घाबरला की तो पुरता कन्नडवर येतो. "तोंड का पांढरं पडलंय? ऊन लागलं का?"

मी तिथूनच युवराजला फोन लावला. म्हणालो, "उद्याच्याला गाडी घिऊन ये. एक पाटा काडायचाय."

"एकटाच यिऊ का, मामा?"

पंचेचाळीस वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. तेच तोंडातून गेलं.

"सगळी या. माप घ्यायचंय."

फोन ठेवल्यावर ध्यानात आलं. पुन्हा लावायला पाहिजे होता. पोरीला घरी ठेव, एवढंच म्हणायचं होतं. मग त्यानं विचारलं असतं, का. मग सांगावं लागलं असतं की माझ्या हातून काय झालंय ते मला कळत नाही. फोन खिशात घातला. अर्ध्या तासाची तर वाट आहे, म्हटलं. अर्ध्या तासात काय होतंय.

६

ते साडेअकराला आले. गाडी रस्त्यावरून आत वळली तेव्हाच मी बघितलं. मागचं डावं चाक मडगार्डला घासत होतं. रबराचा जळका वास येत होता.

युवराज चालू गाडीतून उतरला म्हणा ना. "मामा, पायल उठंना झालीया. हितल्या एका पाव्हण्याला फोन केलाय, दवाखाना बगून ठिवा म्हनून. पन तिला उचलाय येईना."

"उचलाय येईना म्हंजे?"

"बगा की तुमीच!"

पायल मागच्या सीटवर तिच्या जागी होती. झोपली होती. डावीकडं कलली होती. मान तिरकी, डोकं बाजूला. दमलेलं लेकरू शेजारच्याच्या खांद्यावर डोकं ठेवतं तशी.

शेजारी कुणी नव्हतं.

तिच्या डोक्याखाली हवा होती. तरी मान ढळत नव्हती. डाव्या कानावरचे केस चपटे झाले होते, दाबल्यासारखे. गाल एका बाजूनं वर सरकला होता आणि त्यामुळं ओठ थोडा उघडा होता. कापडावर गाल टेकला की होतो तसा.

दुर्गा हाका मारत होती. "पायल. ए पायल. आज्जाचं शेड आलं बग. पायल!" किती हाका मारल्या असतील ते तिच्या आवाजावरून कळत होतं. आवाज फाटला होता.

युवराजनं तिच्या काखेत हात घालून ओढलं. तो शेतात पोती उचलणारा माणूस. पोरगी हलली नाही. सिदूनं एका बाजूनं धरलं. तिचा फ्रॉक खांद्यावर ताणला गेला, आता फाटेल असा. दोघांनी सोडलं. तिचा श्वास सावकाश चालू होता.

मला जे येतं ते मी केलं. पट्टी घेऊन खाली शिरलो.

उजवीकडं, जिथं पायल बसली होती, तिथं मोकळ्या गाडीचं माप होतं. साडेसहा इंच. दोन सूत नाही, एक सूत नाही. त्या बाजूला कुणी बसलेलंच नाही, असं पाटा सांगत होता. वर बघितलं तर तळाच्या पत्र्याच्या फटीतून तिची लाल चप्पल दिसत होती.

डावीकडं पट्टी लावली. एक पाटा जास्त असूनही दीड इंच दबलं होतं. मी बघत असताना ते अर्धा सूत आणखी दबलं. मग अर्धा सूत वर आलं. मग पुन्हा दबलं. सावकाश. वरून पायलच्या श्वासाचा आवाज येत होता आणि पाटा त्याच्याबरोबर खालीवर होत होता.

जादाचा पाटा काढता आला असता. नट ढिले करायला पंधरा मिनिटं. पण पाटा काढला तर गाडी खाली बसते. त्यानं वजन उतरत नाही.

मी बाहेर आलो. कपडे झटकले नाहीत.

"दुर्गा," मी म्हणालो, "चूक माझी हाय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. तिच्या आईनंही हे माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"माप चुकलं का, आप्पा?"

"माप बरोबर हुतं. पाटा वाढवून मी जागा करून दिली."

तिला काही कळलं नाही. सिदूला कळलं. तो म्हणाला, "मिस्त्री, नगा. मिस्त्री, तुमी नगा जाऊ."

माझ्या रीतीत एका जागेवर एकच माणूस बसतं. मी मागून चढलो आणि डाव्या बाजूच्या जागेवर बसायला वाकलो.

७

दुपारच्या उन्हातून आलेली गाडी. रेग्झिनचं सीट. चटका बसायला पाहिजे होता. बसला नाही. कुणीतरी बराच वेळ बसून नुकतं उठावं तेवढंच ते ऊबदार होतं. मी टेकायच्या आधीच गादी दबलेली होती. मी त्या खळग्यात बसलो. गाडी खाली गेली नाही.

समोर काचेवर आरसा होता. त्यात पायल दिसत होती. तिच्या शेजारी मी दिसायला पाहिजे होतो. तिचं डोकं एका खांद्यावर टेकलेलं होतं. माझा शर्ट खाकी आहे, चाळीस वर्षं खाकीच आहे. तो खांदा खाकी नव्हता.

त्या खांद्याच्या वर आरशात आणखी जागा होती. मी तिथं बघितलं नाही. मान खाली घातली. आयुष्यात कुणासमोर घातली नव्हती.

शेडमध्ये आवाज नव्हता. दुर्गा हाका मारायची थांबली होती. पत्रा उन्हानं तडतडत होता तेवढाच.

"सरक," मी म्हणालो.

काही झालं नाही.

"सरक. पोरीचं काय घेतोस? हितं म्हातारं बसलंय."

खाली पाट्यांचा आवाज झाला. खाटेवरून उठावं तसा, पण लांबलेला. माझ्या डाव्या अंगाला काहीतरी आलं. लागलं नाही, ढकललं नाही. भरलेल्या एस्टीत तिसरा माणूस बसतो आणि आपण आपसूक आवरून बसतो, तसं माझं अंग आवरलं गेलं. बाजूला फक्त गाडीचा पत्रा होता. माणूस मावेल एवढी जागा तिथं नव्हती.

आणि पायलचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. दाणकन. तिचं हाड मला लागलं.

तिनं डोळे उघडले. "आज्जा," ती म्हणाली, "तुझा ग्रीसचा वास येतोय."

दुर्गानं तिला बाहेर ओढून घेतलं. पोरगी सहज निघाली.

८

दवाखान्यात त्यांना काही सापडलं नाही. पायल चांगली आहे. आता कुठं बसली तरी झोपत नाही, वटवट करते.

मी आणि सिदूनं त्या जिपेचा मागचा दांडा, हँगर आणि दोन्ही पाटे गॅसनं कापले. वीतभर तुकडे केले. बसलिंगप्पाकडचे तीन पाटेही आणून कापले. युवराजला मी सांगितलं, तुला दुसरी चासी शोधून देतो. तो म्हणाला, नको मामा, आमी एस्टीनं जाऊ.

महिन्याभरानं एक लांब गाडी कामाला आली. माप घ्यायचं होतं. गाडीवाला एकटाच आला होता, म्हणून पुढच्या डाव्या जागेवर मी बसलो. सिदू पट्टी घेऊन खाली होता.

"मिस्त्री, बसा की," तो म्हणाला.

"बसलोय."

"चेष्टा करू नगा. पाटा हलला न्हाय."

"बसलोय, सिदू."

खालून पट्टी लोखंडाला लागल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "मागं डावीकडं कोन बसलंय? पाटा दबलाय."

मागं कुणी नव्हतं. गाडीवाला लिंबाखाली उभा होता.

त्या दिवसापासून मी गाडीत बसत नाही. शेडपर्यंत चालत जातो. माणसं बसवून माप घेत नाही. मोकळी गाडी मोजतो आणि चावी देतो, सगळे देतात तशी.

गेल्या रविवारी दुर्गा आणि पायल एस्टीनं आल्या. मी शेडच्या दारात बाकावर बसलो होतो. साधा बाक आहे, दोन दगडांवर एक फळी. पायल लांबूनच ओरडत पळत आली आणि नेहमीसारखी माझ्याशेजारी उडी मारायला निघाली.

"लांब!" मी ओरडलो. "तितंच थांब! हितं बसायचं न्हाय!"

ती जागीच उभी राहिली. तोंड वाकडं झालं. मग वळून आईच्या पदरात शिरली आणि हुंदके द्यायला लागली.

"आप्पा," दुर्गा म्हणाली, "लेकरू हाय ते. किती आशेनं आलंय. कवा तरी गोड बोलत जा की."

ती पोरीला घेऊन लिंबाखाली गेली. मी बाकाच्या मधोमध बसलो होतो, आणि फळी माझ्या डाव्या बाजूला वाकलेली होती.